पंप बंद झाला तेव्हा 1459 सेकंद बाकी होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एक पत्र आलं होतं, सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर कॉम्प्युटर बसवू नका, तो लहरी असतो, मनाला येईल तेव्हा पंप बंद करतो, त्यापेक्षा आपला वॉचमन बरा, असं. लिहिणाऱ्यांचा त्रास मला अगदी कळतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्येही 2018 साली अगदी हेच झालं होतं आणि चांगलं दीड महिना चाललं होतं. पण लहरी हा शब्द मला पटला नाही. का पटला नाही ते जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर छापताना काटछाट करा, पण मधला सिग्नलचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आम्ही लालबागला राहतो, सात मजल्यांची बिल्डिंग. पाणी सकाळी सहाच्या आसपास येतं, आधी जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. भातसा, तानसा अशा तलावांतून एवढ्या लांबून आलेलं पाणी शेवटचे सात मजले चढवायला आपलाच पंप लागतो, आणि तो चालू-बंद करायला माणूस लागतो. वॉचमन गावी गेला की पहाटे कोण उठणार यावरून दरवेळी वाद. म्हणून माझ्या भाच्याने, तो तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आमच्याकडेच राहायचा, एक रास्पबेरी पाय आणली, पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड असतो तो, त्याला रिले, म्हणजे कॉम्प्युटरने चालू-बंद करता येणारा स्विच, लावून पंपाच्या स्टार्टरला जोडला, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि सी मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. सहा दहाला पंप चालू, 40 मिनिटं थांब, पंप बंद. 40 मिनिटं म्हणजे 2400 सेकंद, म्हणून कोडमध्ये सरळ स्लीप 2400. मी स्वतः ऐरोलीला सर्व्हर सांभाळायचं काम करते, तेव्हाही तेच करत होते, मी तो कोड वाचला होता आणि चांगला आहे म्हणाले होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण चूक त्या पोराची एकट्याची नव्हती.

सोमवार ते शनिवार काही तक्रार नाही. रविवारी मात्र नऊ-साडेनऊला वरच्या मजल्यांवर नळ कोरडे. सगळ्यांनी आपापली कारणं काढली, रविवारी सगळे घरी असतात, चादरी-पडदे धुतात, पाणी जास्त लागणारच. आमचे सेक्रेटरी, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, त्यांनी बोर्डावर नोटीस लावली की रविवारी गाड्या धुऊ नयेत. मग प्लंबर आला, त्याने फूट व्हॉल्व बदलला. मग मोटरचं वाइंडिंग तपासून घेतलं. मग सातव्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना लॉबीत सगळ्यांसमोर बोलल्या की तुमच्याकडे दिवसभर नळ वाहतो. वहिनी रडल्या. मला ते आजही आठवतं, कारण त्यांच्याकडे नळ वाहत नव्हता.

शेवटी एका रविवारी मी आणि भाचा दोघं खाली पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. सहा दहाला टक्क आवाज करून रिले लागला, पंपाने घरघर धरली, प्रेशरचा काटा वर गेला. आम्ही स्टुलावर बसून होतो, बोलायलाही ऐकू येत नव्हतं एवढा आवाज. आणि मग मध्येच परत टक्क. घरघर खाली खाली येत बंद पडली, काटा शून्यावर आला, पाइपात वरचं पाणी थांबल्याचा एक धक्का बसला. मी मोबाइल बघितला, सहा वाजून 25 मिनिटं झाली होती. पंधराच मिनिटं! भाचा म्हणाला, मावशी, लाइट गेली असेल. लाइट होती, डोक्यावर बल्ब चालू होता आणि बोर्डावरचा हिरवा दिवाही चालू होता.

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपण काय केलं ते लिहून ठेवतो त्या फाइलमध्ये, काय होतं ते बघा. भाच्याने लॉगच्या ओळीत तारीख छापली होती, वेळ छापली नव्हती, त्यामुळे तिथे फक्त पंप बंद, काम पूर्ण असं. काम पूर्ण! आणि गंमत वाटावी अशी नाही पण लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे त्या दिवसाची पंप चालू ही ओळ त्या फाइलमध्ये नव्हतीच, ती आदल्या फाइलमध्ये होती. तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं.

मेमरी कार्ड छोटं होतं, लॉग वाढत जाऊन भरू नये म्हणून आम्हीच लॉगरोटेट लावलं होतं, दर आठवड्याला जुनी फाइल बाजूला ठेव आणि नवी सुरू कर. आठवड्याचा रोटेट सहसा रविवारी होतो. आणि त्या वेळच्या डेबियनवर रोजची कामं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, किती वाजता चालवायचा, तर सकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी, ती वेळ तिथे आधीपासूनच लिहिलेली असते. फाइल बदलली की चालू प्रोग्रामला सांगावं लागतं की बाबा नवी फाइल उघड, नाहीतर तो बाजूला ठेवलेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत बसतो. हे सांगायची पद्धत म्हणजे त्याला सिगहप नावाचा सिग्नल पाठवायचा, सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून मारलेली हाक. भाच्याने तो सिग्नल पकडायला हँडलर, म्हणजे सिग्नल आला की पळणारा कोडचा तुकडा, लिहिला होता, नवी फाइल उघडणारा, अगदी बरोबर लिहिला होता. फक्त तो सिग्नल आला तेव्हा प्रोग्राम 2400 सेकंदांच्या झोपेत होता.

पुढच्या रविवारी आम्ही प्रोग्रामला एसट्रेस लावून ठेवला, म्हणजे प्रोग्राम कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, काय काय विचारतो आणि कर्नल काय उत्तर देतो ते ओळीओळीने दिसतं. सहा दहाला नॅनोस्लीपची, म्हणजे स्लीप आतून कर्नलकडे जी मागणी करतो तिची, ओळ आली आणि अर्धवट थांबली, तशीच राहिली. पंधरा मिनिटं पडद्यावर काहीही हललं नाही. 6:25:41 ला ती ओळ पुरी झाली, पुढे सिगहप, मग नवी फाइल उघडल्याची ओळ, मग इंटरप्टेड सिस्टम कॉल, आणि त्याला चिकटून लगेच रिले बंद. आम्ही स्लीपचं उत्तर छापायची एक ओळ कोडमध्ये त्याच सकाळी घातली होती. छापलं होतं 1459.

941 सेकंद झाले होते, 1459 बाकी होते. म्हणजे कॉम्प्युटरने आम्हाला दर रविवारी न चुकता सांगितलं होतं की मला मध्येच उठवलंय, अजून चोवीस मिनिटांच्या वर वेळ शिल्लक आहे. आमच्या कोडने ते उत्तर घेतलंच नव्हतं. स्लीप 2400 लिहून पुढच्या ओळीत पंप बंद. याला लहरी कसं म्हणायचं, मला सांगा.

आता हे नक्की काय होतं ते ज्यांना कोडिंगशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी. माझी नाइट शिफ्ट संपली की मी ठाण्याहून करी रोडला स्लो गाडीने येते, खिडकी मिळाली की हमखास डोळा लागतो. लेडीज डब्यात क्लिपा-कानातली विकणारी बाई येते, तिची पिशवी गुडघ्याला लागते आणि मला जाग येते. आता जाग आली म्हणून कोणी सरळ उठून उतरतं का? आपण आधी बाहेर बघतो, कुर्ला दिसतं, मनात म्हणतो अजून शीव, माटुंगा, दादर, परळ, मग करी रोड, आणि परत डोळे मिटतो. जाग येणं वेगळं आणि स्टेशन येणं वेगळं. आमचा प्रोग्राम कुर्ल्याला जाग आली की कुर्ल्याला उतरत होता, रोज नाही, फक्त क्लिपावाली आली त्या दिवशी.

आतमध्ये होतं ते असं. प्रोग्रामने स्लीप म्हटलं की लिनक्सचा कर्नल एक टायमर लावतो आणि त्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, झोपवतो, पीएस कमांडने बघितलं तर तिच्यापुढे एस दिसतं, म्हणजे उठवता येईल अशी झोप. दोनपैकी काहीही आधी झालं की ती उठते, टायमर वाजला तर किंवा तिने पकडायचा म्हणून सांगितलेला सिग्नल आला तर. सिग्नल आला तर आधी हँडलर पळतो आणि मग झोप तिथेच संपते, परत आपोआप सुरू होत नाही. नॅनोस्लीप उणे एक देतो, एररनो नावाच्या चुकीच्या खुणेत ईइंटर, म्हणजे मध्येच अडवलं, असं ठेवतो आणि किती वेळ राहिला ते वेगळं लिहून देतो. साधा स्लीप उरलेले सेकंद परत देतो, पूर्ण झोप झाली असेल तर शून्य. हे लपवलेलं नाही, मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्ससोबत येणाऱ्या माहितीपानात, स्पष्ट लिहिलंय.

भाच्याने तेव्हा एक चांगला प्रश्न विचारला होता. मावशी, पण सिग्नलमुळे अडलेला सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली मागणी, परत सुरू करायची सोय असते ना, एसए रीस्टार्ट? असते. टर्मिनलवरून वाचताना, पाइपमधून म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून येणारं वाचताना ती चालते, आणि लिनक्सवर नेहमीच्या सिग्नल फंक्शनने हँडलर लावला तर ती लागलेलीही असते. पण स्लीप, नॅनोस्लीप आणि कशाची तरी वाट बघणारे सिलेक्ट, पोल यांना ती लागू नाही, हँडलर पळाला की हे कॉल उठतातच. चांगली चांगली अनुभवी माणसं इथे फसताना मी ऑफिसात बघितलीत.

आणि प्रत्येक सिग्नलने झोपमोड होते असंही नाही, इथेच खरी गोची आहे. जो सिग्नल इग्नोर केलाय त्याने काही होत नाही. ब्लॉक केलेला सिग्नल झोप पुरी होईपर्यंत बाहेर थांबतो. मुलगा-प्रोसेस संपल्यावर बापाला येणारा सिगचाइल्ड, किंवा टर्मिनलची खिडकी लहान-मोठी केली की येणारा सिगविंच, हे दोन्ही एरवी येतात नि जातात, झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. पण तुम्ही किंवा तुम्ही वापरलेल्या एखाद्या लायब्ररीने त्यावर हँडलर लावला की त्याच क्षणापासून तो सिग्नल झोप मोडायला लागतो. म्हणजे स्लीपच्या ओळीला हात न लावता, दुसऱ्याच फाइलमध्ये, दुसऱ्याच कारणासाठी कोणीतरी चार ओळी घातल्या की तुमचा थांबा तुटतो. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये हे कधी दिसत नाही. तिथे प्रोग्राम वीस ओळींचा, हँडलर एकही नाही, स्लीप 10 म्हटलं की दहाच सेकंद थांबतो, सर सही करतात, जर्नल पूर्ण.

मग असं बनवलंच का, असं अण्णांनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त आहे. कारण उठवताच आलं नसतं तर जास्त पंचाईत झाली असती. तासभर झोपलेल्या प्रोग्रामला कंट्रोल सी दाबून थांबवायचं असेल, मशीन बंद करायची असेल, तर काय तासभर वाट बघायची? युनिक्स बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून उभं केलं, सिग्नल ही त्यातलीच जुनी गोष्ट, आणि जुन्या काळी स्लीप तर सिग्नलवरच उभा होता, आधी अलार्म लावायचा, मग काहीतरी येईपर्यंत थांबायचं, आणि 14 नंबरचा सिगअलार्म आला की उठायचं. अलार्म प्रोसेसला एकच मिळतो, म्हणून अलार्म आणि स्लीप एकाच प्रोग्राममध्ये मिसळू नका असं आजही सांगतात. तर झोपमोड हा दोष नाही, ती सोय आहे. उठल्यावर कशाने उठलो हे बघायचं काम आपलं.

हे बघायचं काम कसं चुकतं त्याचा दुसरा अनुभव आम्ही लगेच पुढच्याच महिन्यात घेतला, तोही लिहिते, कारण पहिली चूक दुरुस्त करताना बहुतेक सगळे हीच दुसरी करतात.

भाच्याने लूप लावला. स्लीपने जे उरलंय म्हणून सांगितलं तेवढं परत झोप, शून्य होईपर्यंत. रविवारचा प्रॉब्लेम गेला, सगळे खूश, सातव्या मजल्यावरच्या काकूंनी शिरा आणून दिला. मग एके दिवशी टाकीत आधीचंच पाणी बरंच होतं, ती लवकर भरली, अण्णांनी मोबाइलवरचं बंदचं बटण दाबलं. ते बटण सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्याला, सांगायचं की हा प्रोग्राम थांबव. सिस्टमडीने सिगटर्म पाठवला, प्रोग्राम उठला, हँडलरने थांबायचंय अशी खूण करून ठेवली, आणि लूपने बघितलं की सेकंद उरलेत, म्हणून परत झोपला. सिस्टमडी डीफॉल्टला 90 सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल, म्हणजे किल मायनस नाइन, जो पकडताच येत नाही. प्रोग्राम मेला. पण रिलेची पिन प्रोग्राम मेल्यावर आपोआप खाली येत नाही, ती जशी होती तशी राहते. प्रोग्राम नाही आणि पंप चालू. गच्चीवरून पाणी जिन्यातून पाचव्या मजल्यापर्यंत आलं तेव्हा कळलं. मुंबईत पिण्याचं पाणी जिन्यातून वाहताना बघणं किती वाईट असतं ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

म्हणजे नुसतं परत झोप हेही उत्तर नाही. सिगहपने उठवलं तर फाइल बदल आणि परत झोप. सिगटर्मने उठवलं तर पंप बंद कर आणि बाहेर पड. उठवणारा कोण हे विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

यात अजून एक बारीक भोक आहे. प्रोग्रामने खूण तपासली, थांबायचं नाहीये असं दिसलं, आणि झोपायला जायच्या मधल्या निमिषात सिग्नल आला. हँडलर पळाला, खूण झाली, पण झोप तर अजून लागलीच नव्हती, मोडणार काय? मग तो निवांत 40 मिनिटं झोपतो आणि खूण तशीच पडून राहते. हे वर्षातून एकदा होतं आणि टेस्ट करताना कधीच होत नाही, म्हणून त्याचीच मला जास्त भीती. आम्ही शेवटी ते दोन सिग्नल ब्लॉक करून सिगटाइमडवेट वापरला, तो ठरलेल्या वेळेपर्यंत थांबतो आणि सिग्नल आला तर कोणता आला त्याचा नंबर हातात देतो, सिगहप 1, सिगटर्म 15. आधीच आलेला असेल तरी तो दाराशी उभा असतो, हरवत नाही. हँडलर लागतच नाही.

आणि वेळ कशी सांगायची त्याबद्दलही. पहाटेची गाडी असली की आपण घरात काय सांगतो, मला पाच चाळीसला उठव. मला सहा तासांनी उठव असं कोणी म्हणत नाही, कारण मध्ये दोनदा जाग आली की हिशोब चुकतो. स्लीपला मात्र आपण सगळे इतक्या वेळाने उठव असंच सांगतो. मग दर झोपमोडीला उरलेला वेळ काढ, तो पूर्ण सेकंदांत आला तर वरचा तुकडा गेला, परत झोपायला लागलेला वेळ गेला, असं करत सिग्नल फार यायला लागले की वेळ घसरत जाते. त्यासाठी क्लॉक नॅनोस्लीप आहे, त्याला अमुक क्षणापर्यंत झोप असं सांगता येतं, दहा वेळा उठवलं तरी तोच क्षण परत द्यायचा, वजाबाकीच नाही. आम्ही तेच तत्त्व घेतलं, चालू करतानाच बंद करायचा क्षण लिहून ठेवायचा, आणि दरवेळी थांबायला जाताना त्या क्षणापर्यंत किती उरलं ते घड्याळावरून नव्याने काढायचं. फक्त कोणत्या घड्याळावरचा क्षण, ते नीट बघा. त्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं, लाइट जाऊन आली की नेटवरून वेळ मिळेपर्यंत ती जुन्याच वेळेत असायची आणि मग एकदम उडी मारायची. म्हणून पंप किती वेळ चालवायचा हे मोनोटॉनिक घड्याळावर मोजतो, ते फक्त पुढे जातं, कोणी वेळ बदलली तरी त्याला फरक पडत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र तुम्हाला लिहिलं. आपल्याकडे मुंबईत किती पोरं डिप्लोमा, इंजिनीअरिंग, आयटी करतात, घराघरात एक आहे. त्यांना स्लीप म्हणजे इतके सेकंद थांबतो एवढंच शिकवलं जातं, नोट्समध्येही तेच, मराठीत यूट्यूबवर शिकवणारेही तेच सांगतात. अर्धंच सांगितलं जातं. बाकीचं अर्धं, की मध्ये उठवलं तर किती उरलं ते तो सांगतो आणि ते तुम्ही वाचलं पाहिजे, हे कोणी सांगत नाही. आता बरेच जण पायथन शिकतात, तिथे हा त्रास कमी झालाय, 2015 मध्ये आलेल्या पायथन 3.5 पासून झोपमोड झाली तरी स्लीप स्वतःच उरलेला वेळ परत झोपतो, हँडलरने एक्सेप्शन, म्हणजे काम मध्येच थांबवणारी एरर, टाकलं तरच बाहेर पडतो. त्याआधीच्या पायथनमध्ये पकडलेल्या कुठल्याही सिग्नलने झोप संपायची. पीएचपीत आजही तुटते. शेल स्क्रिप्टमध्ये तर उलटंच, बॅशमध्ये ट्रॅप, म्हणजे तिथला हँडलर, लावला आणि समोर स्लीप चालू असला तर तो स्लीप पुरा होईपर्यंत ट्रॅप पळतच नाही, म्हणून स्लीप बॅकग्राउंडला टाकून वेट करावं लागतं. एकच शब्द स्लीप आणि चार ठिकाणी चार तऱ्हा. पायथनवर शिकलेलं पोर उद्या सी मध्ये काम करायला लागलं की ते काय समजून चालणार? आणि ही सगळी कामं आता पेपरात मार्कांपुरती राहिलेली नाहीत, पंप आहेत, लिफ्ट आहेत, बिल्डिंगची गेटं आहेत.

शिकवणाऱ्या सर-मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे, स्लीपच्या प्रॅक्टिकलला एक पाऊल वाढवा. प्रोग्राममध्ये एक हँडलर लावायला सांगा, स्लीप 60 ठेवा, शेजारच्या टर्मिनलमधून किल मायनस एचयूपी, म्हणजे सिगहप पाठवणारी कमांड, मारायला सांगा आणि काय परत आलं ते जर्नलमध्ये लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. पोरांना ते जन्मभर लक्षात राहील, कारण 60 सांगून 17 सेकंदांत उठलेला प्रोग्राम त्यांनी डोळ्यांनी बघितलेला असेल. आणि लॉगच्या ओळीत वेळ छापायला सांगा, ते तर आमच्याकडूनही राहिलं होतं.

ज्या वाचकांनी गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं त्यांना माझं सांगणं, कॉम्प्युटर काढू नका, ज्याने बसवलाय त्याला बोलवा आणि पंप कोणत्या वारी, किती वाजता बंद पडतो ते एका कागदावर मांडून त्याच्या हातात द्या. दरवेळी तीच वेळ निघाली तर त्या वेळेला मशीनवर दुसरं काय चालतं ते त्याला शोधायला सांगा. आणि तोपर्यंत पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे आम्ही नंतर जाऊन बोललो, काकूही आल्या होत्या, वहिनींनी चहा केला, पण त्या दीड महिन्यात त्यांनी जे ऐकून घेतलं ते काही परत घेता आलं नाही.

भाचा आता पुण्याला नोकरीला आहे. त्याचा प्रोग्राम अजून चालतोय आणि दर रविवारी लॉगच्या नव्या फाइलमध्ये पहिली ओळ असते, 6:25, सिगहप, नवी फाइल उघडली, बाकी चोवीस मिनिटं, परत थांबतो. त्याच्या खालची ओळ 6:50 ची असते.

आपली नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई